‘पूर्वापार आमचंच’ हे सिद्ध कोणी करायचं? चवदार तळ्याचा खटला आणि आजचा पाणवठा

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. महाडच्या चवदार तळ्याचा खटला डॉ. आंबेडकरांच्या बाजूने लागला, तेव्हा मुंबई हायकोर्टाने १९३७ सालीच अस्पृश्यता बेकायदा ठरवली असं म्हणायचं का, ही पहिली. तुमच्या गावी नदीच्या घाटावर काही घरं ‘हा पूर्वापार आमचाच पाणवठा’ म्हणून वस्तीतल्या लोकांना अडवतात, तिथे या निकालाचा आधार घेता येईल का, ही दुसरी.

पहिल्याचं उत्तर ‘नाही’. दुसऱ्याचं असं, की आधार घेता येईल, पण आज तुमच्या हाती त्याहून कितीतरी भक्कम कायदा आहे. तरीही हा निकाल आधी समजून घ्या असं मी सांगेन, कारण समोरची मंडळी आजही नेमका तोच युक्तिवाद करतात जो महाडच्या वादींनी केला होता.

मी दिवाणी बाजूचा वकील. वाट, विहीर, बांध, पाट यांवरचे दावे हेच माझं वर्षानुवर्षांचं काम. त्यामुळे चवदार तळ्याचा निकाल मी जितका आंदोलनाचा इतिहास म्हणून वाचतो तितकाच वहिवाटीचा दावा म्हणूनही वाचतो. तसा वाचला की त्यात काय ठरलं आणि काय ठरलंच नाही हे स्वच्छ दिसतं.

घटनाक्रम थोडक्यात असा. मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच सरकारी शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्य मानलेल्या समाजाला वापरू द्यावेत, अशी ती शिफारस होती. तिला धरून महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी चवदार तळं सर्वांना खुलं केलं. हे सगळं कागदावर. प्रत्यक्षात वस्तीतल्या माणसाची तळ्याच्या पायऱ्या उतरायची सोय नव्हती. २० मार्च १९२७ रोजी अस्पृश्य मानलेल्या समाजाच्या महाडमधल्या परिषदेला जमलेले लोक बाबासाहेबांबरोबर तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. मग ‘हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार’ अशी आवई उठली, परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपलाच ठराव रद्द केला. बोले ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षं पूर्ण होत होती.

डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह करायचं जाहीर झालं. त्याला तोंड द्यायला महाडच्या काही सवर्ण मंडळींनी १२ डिसेंबर १९२७ रोजी तिथल्या दिवाणी कोर्टात दावा लावला. लक्षात घ्या, कोर्टात गेले ते अडवणारे. बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी प्रतिवादी होते. हा तपशील अनेकांच्या नजरेतून निसटतो, पण दाव्यात कोण वादी आणि कोण प्रतिवादी यावर पुढचं निम्मं भवितव्य ठरतं. जो हक्क सांगतो त्याने तो शाबीत करायचा.

वादींचं मागणं काय होतं? तळं आमचं आहे, ते वापरायचा हक्क फक्त आम्हालाच आहे आणि प्रतिवादींना तो नाही, असं ठरवून मिळावं. आणि प्रतिवादींनी तळ्यावर येऊ नये अशी कायमची मनाई मिळावी. दावा प्रातिनिधिक होता. वादी गावातल्या सवर्ण हिंदूंच्या वतीने उभे, प्रतिवादी अस्पृश्य मानलेल्या समाजाच्या वतीने. अशा दाव्यातला निकाल नाव घातलेल्या चार-दोन माणसांपुरता राहत नाही, तो दोन्हीकडच्या सगळ्या समूहाला बांधतो. वादींना वाटलं असेल की एकाच हुकुमात सगळ्यांना कायमचं थोपवता येईल. तीच तलवार उलटू शकते, हा विचार त्यांनी केलेला दिसत नाही.

१४ डिसेंबरला कोर्टाने तात्पुरती मनाई दिली. परिषद सुरू व्हायला जेमतेम दहा-अकरा दिवस उरले होते आणि हजारो माणसं सत्याग्रहाच्या तयारीने महाडकडे निघाली होती. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं. जिल्ह्याचे कलेक्टर स्वतः मंडपात येऊन बोलून गेले. जमलेल्या लोकांची तयारी तुरुंगात जाण्याची होती, आणि तरी २७ डिसेंबरला तळ्यावर जाण्याचा बेत पुढे ढकलण्याचा निर्णय झाला. आपलं भांडण सरकारशी नाही, अडवणाऱ्यांशी आहे, ही त्यामागची भूमिका. पाण्यापासून हाकेच्या अंतरावर माणसांना थांबवणं किती जड गेलं असेल याची कल्पना करून पाहा. वकील म्हणून मी या निर्णयाकडे मोठ्या आदराने पाहतो. मनाई मोडली असती तर वादींना आयता मुद्दा मिळाला असता आणि कोर्टापुढे तळ्याच्या हक्काऐवजी हुकूमभंगाची चर्चा झाली असती. २३ फेब्रुवारी १९२८ रोजी तीच मनाई उठली.

मूळ दाव्याचा निकाल ८ जून १९३१ रोजी लागला, वादींच्या विरुद्ध. ठाण्याच्या कोर्टातलं अपील ३० जानेवारी १९३३ रोजी फेटाळलं गेलं. मग हायकोर्टात दुसरं अपील, आणि १७ मार्च १९३७ रोजी न्या. ब्रूमफिल्ड आणि न्या. एन. जे. वाडिया यांनी तेही फेटाळलं. (ब्रूमफिल्ड म्हणजे १९२२ साली अहमदाबादेत गांधीजींना राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे न्यायाधीश तेच.) सव्वानऊ वर्षं.

आता निकालाच्या गाभ्याकडे. मालकीचा मुद्दा तुलनेने सोपा होता. तळं कुणा समूहाचं खासगी नाही, ते नगरपालिकेकडे निहित आहे, असं खालच्या दोन्ही कोर्टांनी ठरवलं, आणि हायकोर्टात वादींनी मालकीचा आग्रह धरलाच नाही. म्हणजे सगळा भार येऊन पडला रूढीवर. तळं आमच्या मालकीचं नसेना का, पण अनादिकाळापासून आम्हीच ते वापरत आलो आहोत आणि अस्पृश्यांना तिथे मज्जाव आहे. ही रूढी कायद्यासारखीच बांधते, असा त्यांचा दावा राहिला.

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी. १९२७ पूर्वी अस्पृश्य मानलेल्या समाजाने ते तळं वापरल्याचा पुरावा नव्हता. मज्जाव होता, हे खरंच होतं. मग वादी हरले कसे?

पहिल्या कोर्टाने दिलेलं कारण मला आजही फार मोलाचं वाटतं. एका वर्गाने सार्वजनिक तळं वापरलं आणि दुसऱ्याने वापरलं नाही, एवढ्यावरून वापरणाऱ्या वर्गाला इतरांना वगळण्याचा हक्क मिळत नाही. बारकाईने बघा यात काय सांगितलंय ते. तुम्ही रोज पाणी भरता, याचा पुरावा तुमच्या पाणी भरण्यापुरता. दुसऱ्याला हाकलण्याचा हक्क ही वेगळी गोष्ट आहे आणि तिला वेगळा पुरावा लागतो. माझ्यापुढे येणाऱ्या निम्म्या वहिवाटीच्या दाव्यांत हीच गल्लत असते. ‘आम्ही वापरतो’ हे शाबीत करून लोक ‘फक्त आम्हीच वापरायचं’ असा निकाल मागतात.

हायकोर्टाने वेगळी वाट धरली. रूढी हक्काचं रूप घेण्यासाठी ती पुरातन असल्याचं दिसलं पाहिजे. म्हाताऱ्या माणसांना आठवतं तेव्हापासून प्रथा चालू असेल, तर ती त्याआधीही असणार असं अनुमान कोर्ट काढू शकतं. पण परिस्थिती त्या अनुमानाशी जुळली पाहिजे, आणि इथे न्यायमूर्तींनी तळ्याच्या जागेकडे पाहिलं. चार-पाच एकरांचं मोठं पाणी. चहूबाजूंनी नगरपालिकेचे रस्ते. रस्त्यांपलीकडे सवर्णांची घरं, थोडी मुसलमानांची. काठावर काही घरमालकांचे घाट. अस्पृश्य मानलेल्यांची वस्ती जवळपास कुठेच नाही. ही घरं कधी बांधली, घाट कधी झाले, याचा काहीच पुरावा नाही. एवढ्या उघड्या पाण्यावर कोणी पहारा ठेवून दुसऱ्याला अडवायला लागलं असेल ते कधी? तळ्याभोवती घरांचं कडं झाल्यावरच. ते कडं किती जुनं हेच ठाऊक नसेल, तर मज्जावाची प्रथा अनादि आहे असं कशावरून म्हणायचं? रूढी शाबीत झाली नाही. अपील नामंजूर.

दुसरं अपील कायद्याच्या मुद्द्यापुरतं चालतं, खालच्या कोर्टांनी ठरवलेल्या वस्तुस्थितीत सहसा हात घालता येत नाही. त्या चौकटीत राहून न्यायमूर्तींनी जागा पाहिली, काळ पाहिला आणि ‘पूर्वापार’ या शब्दामागे तारीख नाही हे दाखवून दिलं. अशा प्रकारची उलटतपासणी आम्ही आजही करतो. साक्षीदार ठामपणे सांगतो, ‘आजोबांपासून आमचीच वहिवाट.’ विचारावं, आजोबा या गावात कुठून आले? घाटाच्या पायऱ्या कोणी बांधल्या? तुमचं घर बांधलं तेव्हा इथे आधी काय होतं? समोरच्या वस्तीतला कोणी खाली उतरला आणि त्याला परत पाठवलं, असा एखादा प्रसंग, साल, माणूस सांगा. तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला ‘माहीत नाही’ सुरू होतं, आणि लेखनिक ते जसंच्या तसं उतरवून घेतो.

पण आता तुमच्या पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर. ही रूढी अन्यायाची आहे का, लोकहिताच्या धोरणाविरुद्ध आहे का, हा प्रश्न हायकोर्टाने सोडवला नाही. वादींनी पुरातन रूढी शाबीत केली असती तर तो विचार करावा लागला असता, असं निकालात म्हटलं आहे. आणि हा मुद्दा खालच्या कोर्टांत रीतसर घेतलेला नव्हता, असंही. शिवाय तळ्याची मालक नगरपालिका असताना त्या मालकाला सोडून वादींना असा हुकूम मागता आला असता का, हाही प्रश्न न्यायमूर्तींनी बोलून दाखवला आणि तिथेच ठेवला.

म्हणजे विजय खरा होता, पण पाया अरुंद होता. महाडच्या वादींचा पुरावा तोकडा पडला म्हणून ते हरले. दुसऱ्या एखाद्या गावात कोणी जुनी सनद, जुना शिलालेख, दोनशे वर्षांपूर्वीचा महजर (पंचांचा लेखी निवाडा) घेऊन उभा राहिला असता तर? या निकालात त्याला अडवणारं काही नव्हतं. काही जण यासाठी न्यायमूर्तींना दोष देतात. मला तो दोष पटत नाही. कोर्टाने त्याला दिलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं, आणि खालच्या दोन निकालांना बळकटी येईल असंच दिलं. पण रूढीवर तिच्या वयावरून वाद घालावा लागतो, तिच्या न्याय्यपणावरून नाही, ही परिस्थितीच भयंकर होती. माणसाला पाणी मिळणं हे शेजारच्या घराच्या बांधकामाच्या सालावर अवलंबून राहता कामा नये.

ही फट बंद झाली २६ जानेवारी १९५० रोजी. संविधानातली तीन कलमं एकत्र वाचा. कलम १३ मध्ये ‘कायदा’ या शब्दाच्या व्याख्येत कायद्याचं बळ असलेली रूढी आणि प्रथा घातली आहे, आणि मूलभूत हक्कांशी विसंगत असा कायदा त्या विसंगतीपुरता शून्य आहे. कलम १५(२)(ब) सांगतं की राज्याच्या पैशातून पूर्णतः किंवा अंशतः राखलेल्या किंवा सर्वसाधारण जनतेच्या वापरासाठी दिलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागा यांच्या वापरात केवळ धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणावरून कोणावर निर्बंध घालता येणार नाही. कलम १७ अस्पृश्यता नष्ट करतं. मसुदा समितीचे अध्यक्ष तेच होते जे महाडच्या दाव्यात प्रतिवादी होते. १३ आणि १५ ही कलमं मी वाचतो तेव्हा मला त्यांत हायकोर्टाने उघडा ठेवलेला प्रश्न दिसतो, उत्तरासकट. आज समोरच्याने आपली रूढी हजार वर्षांची असल्याचं शाबीत केलं, तरी जातीच्या कारणाने सार्वजनिक पाणी अडवायला तिचा काडीचा उपयोग नाही.

पुढचं पाऊल १९५५ च्या कायद्याचं. तो आधी अस्पृश्यता अपराध अधिनियम या नावाने आला आणि १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणून ओळखला जातो. संविधानाच्या कलम १५ मध्ये नदीचा नावाने उल्लेख नाही. या अधिनियमाच्या कलम ४ मध्ये आहे. नदी, ओढा, झरा, विहीर, तलाव, हौद, नळ, कोणताही पाणवठा, स्नानघाट, स्मशानभूमी, रस्ता, वाट. जिथे इतर लोकांना जाण्याचा हक्क आहे तिथे अस्पृश्यतेच्या कारणाने अडवणं हा गुन्हा. त्याहून महत्त्वाचं कलम १२. पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल, तर उलट शाबीत होईपर्यंत कोर्टाने असं गृहीत धरायचं की हे कृत्य अस्पृश्यतेच्या कारणानेच झालं. ‘आम्ही जातीमुळे नाही अडवलं’ हे आता अडवणाऱ्याने शाबीत करायचं. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्यातही नदी, पाणवठा, घाट वापरण्यापासून रोखणं हा गुन्हा आहे. कर्नाटकात नव्या बोअरवेलवर पाणी घ्यायला आलेल्या दलितांना बंदुकीचा धाक दाखवून अडवल्याच्या प्रकरणात हायकोर्टाने आरोपींना सोडलं होतं. सुप्रीम कोर्टाने १९९२ साली खालच्या कोर्टाने दिलेली शिक्षा पुन्हा कायम केली. कर्नाटक राज्य विरुद्ध अप्पा बाळू इंगळे या नावाने तो निकाल सापडेल. तुमच्या कामाला १९३७ च्या निकालापेक्षा हा जास्त जवळचा.

आता तुमचं गाव. इथे बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे. तुम्ही ‘वस्ती’ एवढंच लिहिलंय. ती अनुसूचित जातीची असेल तर वर सांगितलेलं सगळं लागू होतं आणि पहिली पायरी पोलिसांत तक्रार ही आहे, दिवाणी दावा नाही. अडवणुकीचं कारण जात नसून गावातली दुफळी किंवा शेतीचं भांडण असेल, तर ही कलमं ओढूनताणून लावू नका. प्रकरण कमजोर होतं आणि खऱ्या तक्रारींवरचा विश्वासही उडतो.

नदीचं पात्र कोणाचं, याची चिंता फारशी करू नका. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे जे खासगी मालकीचं नाही असं नद्या, ओढे, तलाव, वाहतं आणि साठलेलं पाणी राज्य सरकारचं. माझ्या अनुभवात नदी कोणी अडवत नाही, नदीकडे जाणारी वाट अडवतात. घाट सरकारी, पाणी सरकारी, आणि मधले वीस पावलं कुणाच्या तरी गटातून. तिथे काटेरी कुंपण आलं की पाणवठा बंद. म्हणून भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची नक्कल काढा. गाडीवाट तुटक दुहेरी रेषेने आणि पायवाट तुटक एकेरी रेषेने दाखवलेली असते. तुमची वाट नकाशात असेल तर लढाई निम्मी संपली, तहसीलदारांकडे अर्ज करून अडथळा काढून घेता येतो. नसेल तर त्या गटातून जाण्याची वहिवाट पुराव्याने शाबीत करावी लागेल, आणि मग पुराव्याचा भार तुमच्यावर येईल. तेव्हा मघाच्या उलटतपासणीतले प्रश्न तुमच्याच साक्षीदाराला विचारले जातील. वस्तीतल्या वयस्क बायकांना आत्ताच नीट विचारून ठेवा. त्या कुठून जायच्या, वाटेत कोणतं झाड होतं, कोणाच्या लग्नात, कोणत्या सणाला तिथून गेल्या, पहिल्यांदा कोणी आणि कधी अडवलं. नुसतं ‘पूर्वीपासून’ तुमच्या तोंडून आलं तरी कोर्ट त्याला तेवढंच मोजेल.

घाटाच्या बाबतीत ग्रामपंचायतीचं दप्तर पाहा. पायऱ्यांची दुरुस्ती, गाळ काढणं, दिवा बसवणं, काहीही सार्वजनिक पैशातून झालं असेल तर त्याचा ठराव आणि खर्चाची नोंद माहिती अधिकारात मागा. ‘अंशतः’ हा शब्द संविधानात आहे. एकदा केलेली दुरुस्तीही तिथे कामाला येते. घाट एखाद्या घराण्याने बांधला असेल आणि तसा शिलालेख असेल तर घाबरून जाऊ नका. तो बांधून लोकांना दिला की घरासाठी राखला, हे पाहावं लागेल. गावची सगळी माणसं, वाटसरू, जनावरं तिथे येत असतील तर तो लोकांसाठीच होता असं म्हणायला जागा आहे.

एक सावधगिरी. समोरची मंडळी आधी कोर्टात जाऊन तात्पुरती मनाई आणू शकतात, महाडला झालं तसं. मनाई आली तर ती मोडू नका, उठवण्याचा अर्ज त्याच आठवड्यात करा. आणि दावा प्रातिनिधिक केला असेल तर तुमच्या बाजूने नाव कोणाचं घातलंय ते बघा. गावाबाहेर राहणारा किंवा त्यांच्याच शब्दातला माणूस ‘वस्तीचा प्रतिनिधी’ म्हणून दाखवला गेला, तर तो नीट लढणार नाही आणि निकाल मात्र सगळ्यांना बांधेल. तशी शंका आली की स्वतः हजर होऊन प्रतिवादी म्हणून सामील करून घेण्याचा अर्ज द्या.

वस्ती कोणाची आहे, घाटाकडे जाणारी वाट कोणत्या गटातून जाते आणि अडवणूक कधी सुरू झाली, एवढं कळवलंत तर अर्ज नेमका कुठे द्यायचा ते सांगता येईल.